जत्रेतला पाळणा आणि त्याचा हिशोब

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या तासाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील फरक समजावून सांगताना सरांनी फळ्यावर कापडगिरणीचे उदाहरण घेतले होते. गिरणी मी आतून कधी पाहिलेली नाही. पण "उत्पादन शून्य असले तरी जो खर्च थांबत नाही तो स्थिर खर्च" हे वाक्य वहीत उतरवून घेताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरामागे सुटा करून ताडपत्रीखाली ठेवलेला लोखंडी पाळणा आला. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, दर पावसाळ्यात आईला हेच सांगत असतात. पाळणा फिरो वा न फिरो, गंज थांबत नाही आणि हप्ताही थांबत नाही. हा सिद्धांत त्यांना कोणी शिकविलेला नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली.

जत्रेत करमणूक विकणाऱ्या लहान धंद्यांचा खर्च का वाढला, आणि शासनाच्या नियमांचा त्यात वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दादांच्या जुन्या वह्या, मुळशी-मावळातल्या जत्रांत ऐकलेले बोलणे, नारायणगावला पाडव्याच्या सुमारास दादांबरोबर मारलेली एक फेरी आणि ग्रंथालयातले वाचन एवढेच माझे साधन आहे. पाळणेवाल्याची मुलगी म्हणून माझे मन एका बाजूला झुकलेले असणार, हे वाचकांनी ध्यानात ठेवूनच पुढे वाचावे.

ज्याच्या नावाने आकाशपाळणा इंग्रजीत ओळखला जातो, त्या जॉर्ज फेरिसने १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात २६४ फूट उंचीचे चक्र उभे केले होते. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे बसत. एवढे मोठे चक्र, पण १९०६ साली तेही सुरुंग लावून पाडले आणि भंगारात गेले. आमचा पाळणा आठ डब्यांचा. एका डब्यात तीन मुले, म्हणजे भरली फेरी चोवीसांची. आबांचा, म्हणजे आजोबांचा, त्याहूनही लहान होता. चार लाकडी पेट्या, आणि दोन माणसांनी हाताने ओढून फिरवायचा. तो बैलगाडीत मावत असे. दोन माणसांचे जेवण हाच त्याचा मुख्य खर्च, आणि तेही पुष्कळदा गावच घालीत असे. पाऊस आला, गर्दी झाली नाही, तर आबा रिकाम्या हाताने परतत, परंतु कर्ज घेऊन परतत नसत. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर त्या धंद्यात स्थिर खर्च जवळजवळ नव्हताच.

दादांनी लोखंडी पाळणा घेतला, त्याला डिझेल इंजिन आले, वाहून न्यायला मालमोटार आली, इंजिन सांभाळायला माणूस आला. कमाई वाढली हे खरे. माझी आणि भावाची शाळा त्याच कमाईवर झाली. पण त्याबरोबर धंद्याची जात बदलली. आता पाळणा जागेवरून हलविण्याआधीच पैसा खर्च झालेला असतो. चोवीस मुले बसली काय आणि चारच बसली काय, इंजिन तेवढेच डिझेल पिते.

डिझेलचा दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाला. गेली काही वर्षे महाराष्ट्रात तो लिटरला नव्वद रुपयांच्या घरात आहे. डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावरचा कर कोठेही वळता करून मिळत नाही. मालमोटारीचे तर वेगळेच दुखणे. जत्रेचे धंदेवाले नवी गाडी घेत नाहीत. वर्षातून चार-पाच महिने चालायची तर जुनी घ्यायची आणि उरलेले महिने झाडाखाली उभी करायची, हा हिशोब. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या ट्रकच्या योग्यता-प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची फी दीड हजारावरून साडेबारा हजार रुपये झाली. जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हा त्यामागचा हेतू, आणि पुण्याच्या हवेकडे पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण वर्षभर वाळू वाहणाऱ्या गाडीला आणि वीस जत्रा करणाऱ्या गाडीला फी एकच आहे. पहिली गाडी ती फी तीनशे दिवसांवर वाटते, दुसरी वीस दिवसांवर.

पाळण्याच्या धंद्यातली खरी गोम मात्र डिझेलपेक्षा खोल आहे, असे वह्या वाचून माझे मत झाले. ती सांगण्यासाठी तमाशाकडे वळावे लागेल.

अर्थशास्त्रात पूरक वस्तूंची व्याख्या आहे. एकीची मागणी घटली की दुसरीचीही घटते. पुस्तकात चहा आणि साखर हे उदाहरण असते. जत्रेत तमाशा आणि बाकी सगळे, हे त्याहून चांगले उदाहरण ठरेल. माणूस बैलगाडा, कुस्त्या आणि छबिना पाहायला येतो, परंतु रात्री तो थांबतो तमाशासाठी. तो थांबला की त्याची मुले पाळण्यात बसतात, बायको बांगड्या भरते, म्हातारी शेव-रेवडी घेते. फोटोवाला, फुगेवाला, उसाचा चरकवाला या सगळ्यांचा गल्ला तमाशाच्या ढोलकीवर चालतो. पाळण्याला भोंगा लागत नाही, तरीही ढोलकी थांबली की पाळणा थांबतो.

पुणे जिल्ह्यातल्या वाचकांना नारायणगाव ठाऊक असेलच. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यामुळे ते नाव साऱ्या महाराष्ट्रात पोहोचले. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडमालक राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे कारभारी येऊन आपल्या जत्रेसाठी सुपारी ठरवितात. दसऱ्याला सुरू झालेला हंगाम बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो, परंतु त्यातले कमाईचे दिवस चैत्र-वैशाखातले. एकाच तिथीला पंचवीस गावांच्या जत्रा असल्या तर त्या दिवसाचा भाव चढतो, आणि मधल्या रिकाम्या दिवसाला कोणी विचारीत नाही. न विकलेला चैत्राचा दिवस कोठारात ठेवून आषाढात विकता येत नाही. मोठ्या तंबूच्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. वादक, सोंगाडे, नाचणाऱ्या बाया, आचारी, तंबू ठोकणारे, गाड्यांचे चालक. त्यांना हंगामाआधी उचल द्यावी लागते आणि उचलीसाठी मालक स्वतः कर्ज काढतो. म्हणजे येथेही सारा खर्च आधी आणि उत्पन्न नंतर. आमचा पाळणा आणि तो शंभर माणसांचा फड, आकाराने कितीही वेगळे असोत, त्यांची कुंडली एकच आहे.

अशा धंद्याला एक हंगाम गेला तर काय होते हे २०२० साली दिसले. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता! ज्या मुहूर्तावर वर्षाची बोली लागायची त्याच दिवशी सारे बंद झाले. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध लागले. दादांच्या वहीत त्या दोन वर्षांत एकही जत्रा नाही. हप्त्यांच्या नोंदी आहेत.

आता रात्रीविषयी. तमाशाचा खेळ जेवणे आटोपल्यावर उभा राही. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी असे करीत वग मध्यरात्रीनंतर रंगात येई आणि पहाटे संपे. प्रेक्षकांना परत जायला वाहन नसे, म्हणून रात्र काढणे ही गरजही होती. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिवर्धक लावण्यास मनाई झाली आणि १८ जुलै २००५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारा वाजेपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. पण ते दिवस आगाऊ जाहीर करावे लागतात, आणि ते मुख्यतः गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या, वर्षअखेर अशा सर्वांना सारख्या असलेल्या तारखांना जातात. जत्रेची तिथी मात्र गावागणिक वेगळी. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचे बगाड चैत्र पौर्णिमेला, तर शेजारच्या गावचा देव आणखी कोणत्या अष्टमीला. पंधरा दिवसांच्या यादीत ही गावे कशी बसणार?

याच नियमात आणखी एक तरतूद आहे. सभागृह, समाजमंदिर, मेजवानीचे दालन अशा बंदिस्त जागेत रात्रीही ध्वनिवर्धक चालतो. म्हणून मल्टिप्लेक्सचा शेवटचा खेळ मध्यरात्र उलटून संपला तरी चालते. भिंत विटांची असेल तर रात्र मिळते, कापडाची असेल तर दहा वाजता दिवे मालवायचे. आवाज खरोखरच विटांनी अडतो, तेव्हा नियमात तर्कदोष नाही. पण विटांच्या भिंती बांधण्याइतके भांडवल ज्याच्यापाशी आहे तोच रात्र विकू शकतो, हा त्याचा परिणाम आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक गोल आकडा घेऊ. समजा, एका जत्रेला पाळणा नेऊन उभा करायचा सगळा ठरलेला खर्च अठरा हजार रुपये आहे. यात गाडी, जागेचे भाडे, माणसे, कागद, सगळे आले. संध्याकाळी पाचपासून रात्री दोनपर्यंत पाळणा फिरला तर नऊ तास मिळतात, म्हणजे तासाला दोन हजार. दहाला गर्दी उठली तर पाचच तास, म्हणजे तासाला तीन हजार सहाशे. डिझेल एका पैशानेही न वाढता, कोणतीही फी न वाढता, पाळण्याचा तासाचा खर्च ऐंशी टक्क्यांनी वाढला. तिकीट त्या प्रमाणात वाढविता येत नाही. तीसचे चोपन्न केले तर दोन मुलांची आई एकालाच बसविते आणि दुसऱ्याची समजूत काढते, हे मी तिकिटाच्या पेटीपाशी बसून पाहिले आहे. मागणीची लवचिकता मला तेथे अधिक लवकर कळली.

दादांच्या वहीतला फरकही याच रीतीचा आहे. जुन्या वहीत एका रात्रीच्या फेऱ्यांसाठी उभ्या रेघांची दोन पाने लागत. आता एक पान पुरते.

करांविषयी मी वाचावयास बसले तेव्हा माझी समजूत अशी होती की धंदा कराने मारला. ती चुकीची निघाली. करमणुकीवरचा कर आपल्याकडे १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमापासून आहे. तो तिकिटाच्या प्रमाणात असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचे करमणूक शुल्क त्यात विलीन झाले. (ग्रामपंचायती व नगरपालिका यांना मात्र करमणुकीवर स्वतःचा कर बसविता येतो.) नाटक, नृत्य, सर्कस यांच्या तिकिटाला प्रथम अडीचशे व जानेवारी २०१८ पासून पाचशे रुपयांपर्यंत माफी आहे. पाळणे आणि झुले यांच्यावर आधी २८ टक्के होता, तो त्याच महिन्यात १८ टक्क्यांवर आला. आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असणाऱ्या सेवा-व्यावसायिकाला नोंदणीच करावी लागत नाही. म्हणजे आम्हांला कर नाही. तरी आमचे बरे का चालत नाही?

मला सापडलेले उत्तर असे. तिकिटाच्या प्रमाणात असलेला कर कितीही नकोसा असला तरी तो गर्दीबरोबर चढतो आणि उतरतो. तंबू रिकामा असेल तर कर थोडा. त्याच्या उलट परवान्याची फी, तपासणीची फी, विम्याचा हप्ता, जागेचे भाडे ही गर्दी न पाहता द्यावी लागतात. शिवाय नोंदणी नसलेल्याला पट्टा, बेअरिंग, वायर, ताडपत्री यांच्यावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो मुकाट्याने खर्चात जातो. प्रमाणात वाटला जाणारा बोजा गेला आणि एकगठ्ठा बोजा वाढला.

तंबू सिनेमाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती जवळजवळ संपलेलीच आहे. जत्रेच्या मैदानात तंबू, मागे ट्रकवर प्रक्षेपक आणि दोन रुळांवर फिरणारी फिल्म हा प्रकार आमच्या वडीलमंडळींनी पाहिला. फिल्मच्या रिळांची जागा डिजिटल यंत्रांनी घेतली तेव्हा जुने प्रक्षेपक निरुपयोगी झाले आणि नवे घेण्याइतका गल्ला तंबूत नव्हता. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमांवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरविला गेला. तंबू मात्र कमीच होत गेले.

आता नियमांची दुसरी बाजू न मांडणे हा अप्रामाणिकपणा होईल. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे तीनशे माणसे गेली. त्या डोंगरावरची दुकाने पेटली होती. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका खेळ-केंद्राला आग लागून पंचवीसहून अधिक जीव गेले, त्यांत मुले होती. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या जत्रेत उंच झुला माणसांसकट खाली आदळला. आणि आमच्याच पाळण्याच्या पट्ट्यात एकदा एका मुलीची ओढणी अडकली होती. आबांनी इंजिन बंद केले म्हणून ती वाचली. त्या दिवसापासून पट्ट्याला जाळी आहे. ती कोणत्याही अधिकाऱ्याने लावायला सांगितली नव्हती. पण सांगायला हवी होती, आणि त्या आधीच सांगायला हवी होती. "आमच्या आबांच्या वेळी कागद नव्हते" असे अभिमानाने सांगणाऱ्या धंदेवाल्यांशी म्हणूनच मी सहमत नाही.

प्रश्न नियम असावेत की नसावेत हा नाही. नियम कोणाच्या मापाने बेतलेले आहेत हा आहे. राजकोटच्या आगीनंतर गुजरातमध्ये झुल्या-पाळण्यांसाठी कडक नियमावली आली. पाच दिवसांच्या जन्माष्टमी मेळ्यात पाळण्याखाली काँक्रीटचा पाया घालण्याच्या अटीला तेथील पाळणेवाल्यांनी विरोध केला. कायम उभ्या असणाऱ्या बागेला ही अट शोभते. पाच दिवसांनी उचलून नेण्याच्या पाळण्याला ती म्हणजे प्रत्येक मुक्कामी घर बांधून पुढे जाण्यासारखे आहे.

आपल्याकडे दादांच्या पिशवीत असलेले कागद मी एकदा मोजले. ग्रामपंचायतीचे ना-हरकत, पोलिसांची परवानगी, विजेच्या जोडणीची तपासणी, यंत्राच्या मजबुतीचा दाखला, विमा, गाडीचे कागद. त्यांतले निम्मे प्रत्येक जत्रेला नव्याने काढावे लागतात, कारण परवानगी जागेला आणि दिवसाला मिळते, पाळण्याला नव्हे. पाळणा तोच, बोल्ट तेच, तपासणारेही बहुधा तेच. एका जत्रेचा दाखला जत्रा संपल्यावर तिसऱ्या दिवशी हाती पडला होता. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. दादा म्हणाले, ठेव, पुढच्या वर्षी दाखवू. तो पुढच्या वर्षी चालला नाही, हे सांगायला नकोच.

इंग्लंडातल्या फिरत्या जत्रावाल्यांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. घरासारख्या गाड्यांतून हिंडणाऱ्यांवर निर्बंध घालणारे विधेयक संसदेत आले तेव्हा १८८९ साली त्यांनी आपली संघटना उभारली. ती आजही 'शोमेन्स गिल्ड' या नावाने चालू आहे. तेथे पाळण्याची सखोल तपासणी वर्षातून एकदा होते आणि त्याला बारा महिन्यांचा दाखला मिळतो. पाळणा ज्या गावी जाईल त्या गावी तो दाखला बरोबर जातो. रोजची किरकोळ पाहणी मालकाने करून वहीत नोंदवायची असते. तपासणी तेथे ढिली नाही. ती फक्त वीस वेळा करावी लागत नाही. आपल्या जिल्ह्यात हंगामाआधी, मार्गशीर्षात म्हणा, एका ठिकाणी सगळे पाळणे उभे करून तपासले आणि जिल्हाभर चालेल असा एकच दाखला दिला, तर तपासणाऱ्यालाही नीट वेळ मिळेल. आज जत्रेच्या दुपारी, धुळीत आणि घाईत, कोण कोणता बोल्ट पाहतो हे मला माहीत आहे. तसेच पंधरा रात्रींपैकी चार-पाच जरी त्या त्या गावच्या तिथीसाठी राखता आल्या तर वग पुरा होईल. निदान बारापर्यंत.

आमच्या गावापुरती एक गोष्ट उरली, ती जागेची. माण हे आता हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला लागलेले गाव. शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचा डेपो माणमध्येच आहे. जेथे चैत्रात पाळणे लागत ते रान आता कोणाचे तरी भूखंड आहेत, आणि जे मोकळे आहे त्याचे एका दिवसाचे भाडे शहरातल्या भावाने सांगतात. गावची वर्गणी पूर्वीपेक्षा मोठी जमते, यात शंका नाही. पण तिचा मोठा वाटा आवाजाच्या भिंती आणि रोषणाई यांना जातो. लोक बदलले तर त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कंपनीतून साडेआठला सुटणारा माणूस पहाटेपर्यंत वग पाहात बसेल, अशी अपेक्षा मी तरी करीत नाही. माझी मैत्रीणच म्हणाली, "तुमच्या पाळण्यापेक्षा मॉलमधला बरा, तिथं पंखा असतो." मला राग आला, पण तिचे म्हणणे खोटे नव्हते.

या वर्षी पाळणा सातच जत्रांना गेला. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला आहे. माझी पदवी होईपर्यंत तो विकायचा नाही असे दादांनी ठरविले आहे, आणि त्यामुळे हप्ता व गंज दोन्ही आणखी दोन वर्षे चालतील. हा निर्णय हिशोबाला धरून नाही, असे मी त्यांना खर्चाचा तक्ता काढून दाखविले. त्यांनी तो नीट पाहिला आणि जाळीसाठी नवी तार आणायची आठवण केली.

तक्ता तयार करताना मी इंजिनाची झीज दहा वर्षांवर वाटली आहे आणि दादांची स्वतःची मजुरी खर्चात धरलेली नाही. या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत की नाहीत याविषयी मी साशंक आहे. विभागातल्या प्राध्यापकांनी चूक दाखवून दिली तर मी आभारी होईन. मूळ वह्या घरी आहेत. कोणास पाहावयाच्या असल्यास आणून देईन.